पळता पाट आणि कोरडा तलाव

लातूर, वैशाख उतरता
(तारीख सांगू शकत नाही. कॅलेंडर भिंतीवरून काढून नागम्मा त्याने वारा घेत बसली आहे.)

तीर्थरूप अमृतराव दाजी यांस,

पंचाक्षरीचा शरणार्थ. अक्कालाही माझा आणि नागम्माचा शरणार्थ सांगावा. आपले गुडघे कसे आहेत? मुखेडला पाणी कसं आहे ते मुद्दाम विचारत नाही, कारण मग आपण लातूरचं विचाराल आणि दोघांचीही पत्रं त्यातच संपतील. आम्ही खुशाल म्हणता येईल इतपत खुशाल आहोत. दुकान उघडं असतं. गंजगोलाईत सध्या पितळेच्या घागरी नुसत्या बघायला गिऱ्हाईक येतं, आत बोटानं वाजवतं आणि म्हणतं, घागर घेऊन करायचं काय.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे आपला मुलगा व्यंकट. दिवाळीत तो अमेरिकेहून आला तेव्हा एक चाकांची फळी घेऊन आला होता. ती त्याने मुखेडला ठेवली नाही (आपण तिला लंगडी बैलगाडी म्हणालात, हे त्याने मला सांगितलं), जाताना आमच्या सिंधूला देऊन गेला. त्या फळीचं पुढे काय झालं ते मुखेडच्या एसटीतून आपल्या कानावर जाईलच, आणि एसटीत बसली की कुठलीही गोष्ट दोन माणसं जास्तीची घेऊन उतरते. म्हणून मीच लिहितो.

तिकडे तिला स्केटबोर्ड म्हणतात. आमच्या गल्लीत पळता पाट म्हणतात. नागम्माने ती पहिल्यांदा हातात घेतली, उलटी केली, चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाली, "लाकूड बरं हाय. पण पाटाला चाकं कशाला? जेवणारा काय पळून जातो का?" व्यंकटने मग कलेक्टर कचेरीकडच्या नव्या डांबरी रस्त्यावर करून दाखवलं. (जिल्हा होऊन पाच वर्षं झाली, पण आम्ही अजून प्रत्येक वस्तूला नवी म्हणतो. नवा रस्ता, नवी कचेरी, नवा दुष्काळ.) तो सांगत होता की त्याच्या मुलखातही मागे असाच दुष्काळ पडला, श्रीमंतांचे पोहायचे हौद कोरडे पडले, आणि पोरं फळ्या घेऊन त्या हौदांत उतरली. तिथून हा खेळ खरा वाढला म्हणे. मला नवल वाटलं, दाजी. आमच्याकडे दुष्काळ पडला की छावणी निघते, त्यांच्याकडे पडला तर खेळ निघाला.

एकदा मीही त्या फळीवर उभा राहिलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. गंजगोलाई गोल आहे, तेव्हा जिथून निघालो तिथंच परत येईन असा माझा समज होता. मी समोरच्या मिरचीच्या दुकानात गेलो. मालक ओळखीचा आहे, पण त्या दिवशी दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

नागम्माला मात्र फळीचा उपयोग ताबडतोब कळला. टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, घर दुसऱ्या टोकाला. तिने फळीवर घागरी बांधल्या, पुढे सुतळी लावली आणि जनावर न्यावं तशी ओढत घेऊन आली. सगळ्या बायका कमरेवर घागर घेऊन उभ्या आणि ही मोकळ्या हाताने पुढे चाललेली. त्या महिन्यात आमच्या घरी जितक्या बायका बसायला आल्या तितक्या लग्नातही आल्या नव्हत्या.

म्हणजे सकाळी फळी आईची आणि दुपारनंतर लेकीची, असं ठरलं. लेक कुठं जायची तर नव्या जलतरण तलावात. 'नूतन जिल्हा जलतरण समिती' नावाच्या मंडळींनी तो बांधलाय. बांधून झाला आणि पाणी गेलं. मिस्त्री गुळाच्या गुऱ्हाळांवर काम केलेला, त्यामुळे तलावाचा तळ गूळ कढवायच्या काहिलीसारखा गोल, कुठं कोपरा नाही. पोहणाऱ्यांनी नावं ठेवली. सिंधू म्हणाली, असाच पाहिजे. शेजारच्या गल्लीत पाशामियाँचं व्हिडिओ सेंटर आहे, तिथे व्यंकटने दिलेली कॅसेट ती आणि पाशामियाँची लेक रहमतबी रोज दुपारी लावून बसायच्या, थांबवून थांबवून बघायच्या, आणि मग दोघी तलावात उतरायच्या. सुरुवातीला नुसत्या पडायच्या. रहमतबीच्या आईने, बेगमबीने, जुन्या गोधडीचे तुकडे शिवून दोघींच्या गुडघ्यांना बांधून दिले. (माझ्यासाठीही एक जोड शिवू का, असं तिने विचारलं. मिरचीची बातमी तिथवर गेली होती.)

एका संध्याकाळी मी रागवायला म्हणून गेलो. नववी झालेली मुलगी, पुढच्या वर्षी दहावी, आणि लोक काठावर बसून बघतायत, हे काही बरं नव्हे. गेलो, आणि त्याच वेळी सिंधू त्या गोल भिंतीवरून वर आली. अगदी काठापर्यंत आली, बोटांनी काठाला शिवली आणि वळून परत खाली गेली. तिकडून वर, इकडून वर. दाजी, आपली पोरगी आपल्याला रोज दिसते, पण ती अशी दिसत नाही. रागवायचं राहून गेलं. पाशामियाँ शेजारी येऊन बसला. म्हणाला, "शेठ, बोलू नका. बघा नुसतं." अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथंच.

समितीच्या लोकांनीही पाहिलं. उद्घाटनाला मुंबईचे पाहुणे येणार, नांदेडहून पोहणारी मुलं येणार, आणि पाणी तर नाही. मग पोहण्याऐवजी मुलींची फळीवरची कसरत ठेवायची, असं ठरलं. गावात कर्णा फिरला. रिक्षातून सिंधूचं आणि रहमतबीचं नाव ओरडत गेले. नागम्मा दारात उभी राहून ऐकत होती. ऐकू आलं नाही असं दाखवत होती, पण रिक्षा परत फिरेपर्यंत आत आली नाही.

आणि आदल्या दिवशी समितीत कुणाला तरी वाटलं की नव्या जिल्ह्याचा तलाव पाहुण्यांना कोरडा दाखवणं शोभत नाही. सिंधू दुपारी गेली ती लगेच परत आली. फळी भिंतीला टेकवून खाली बसली. नागम्माने विचारलं, काय झालं.

"तलावात पाणी सोडलंय."

"कशानं?"

"टँकरनं."

"आपल्या गल्लीचा टँकर आज आला न्हाई."

"तोच हाय."

नागम्मा उठली. घागरी घेतल्या, फळी घेतली, पदर खोचला आणि चालायला लागली. आमच्या गल्लीच्या बायका मागून, पाशामियाँच्या गल्लीच्या त्यांच्या मागून. रखवालदार लिंबाजी फाटकात आडवा आला खरा, पण रांगेत त्याचीच बायको हंडा घेऊन उभी दिसली, तसा तो लिंबाखाली जाऊन बसला. दिवेलागणीपर्यंत तलावाचा तळ दिसायला लागला. सिंधू खाली उतरून तांब्याने शेवटचं पाणी भरून देत होती आणि हसत होती. घरोघरी पाणी, आणि उद्याला तलाव कोरडा. असा दिवस माझ्या आठवणीत दुसरा नाही.

शेवटची खेप आमच्या गल्लीतल्या शरणम्मासाठी होती. म्हातारीला चालवत नाही, पोटचं कुणी नाही. नागम्माने तिचा मोठा हंडा काठोकाठ भरून फळीवर ठेवला. मोरीजवळ, उतारावर, फळी मधोमध मोडली. आवाज मी ऐकला. सिंधू धावली आणि तिने आधी हंडा धरला, कलंडू दिला नाही. हंडा सरळ झाल्यावर मग तिने खाली पाहिलं.

सुताराने रात्रीतून लोखंडी पट्ट्या मारून दिल्या. सकाळी मंडप भरला होता. पाहुण्यांनी कोरडा तलाव पाहिला, समितीच्या साहेबांनी लिंबाजीला बोलावून विचारलं, पाणी कुठं गेलं. लिंबाजी म्हणाला, "साहेब, ऊन लई हाय. आटलं." आख्ख्या मंडपाने मान हलवली. मग सिंधूचं नाव पुकारलं. ती फळीवर उभी राहून खाली गेली, समोरच्या भिंतीवर हातभर चढली आणि पट्ट्या सुटल्या. फळीचे दोन तुकडे तळाशी पडले. लोक वाट बघत होते, त्यांना वाटलं ही कसरतीचीच सुरुवात. कुणीतरी टाळी वाजवली, मग थांबवली. रहमतबी खाली उतरली, दोघींनी एकेक तुकडा उचलला आणि शिडीने वर आल्या. पाहुण्यांनी पाणी जपून वापरण्यावर भाषण केलं.

घरी आल्यावर सिंधू आईला म्हणाली, "शरणम्माचं पाणी सांडलं न्हाई ना?" नागम्मा तोंड फिरवून चुलीशी बसली. त्या दिवसापासून दोघी पाण्याला बरोबर जातात, कमरेवर घागर घेऊन. तुकडे सिंधूने फेकले नाहीत. तिच्या बिछान्याखाली आहेत.

तर फळीचं असं झालं. यात चूक कुणाची काढावी ते मला समजत नाही, म्हणून जास्तच वाईट वाटतं. आपण मनाला लावून घेऊ नये आणि व्यंकटला तर मुळीच कळवू नये, तो बिचारा परमुलखात. खेळ तो खेळच. पोरीचं वर्ष महत्त्वाचं आहे, आता ती अभ्यासाला लागेल. आम्हाला काही नको. लोभ आहेच, गुडघ्यांना जपावं.

आपला मेहुणा,
पंचाक्षरी

ता. क. व्यंकटला कळवू नका म्हटलं, पण आपण त्याला पत्र लिहीतच असाल तर अशी फळी पार्सलने येते का, एवढं सहज विचारावं.

ता. क. दुसरा. दोन विचाराव्यात. रहमतबीची स्वतःची अशी कधी नव्हतीच. पाशामियाँ तोंडाने बोलला नाही, पण ती कॅसेट तो हल्ली एकटाच लावून बसतो.

ता. क. तिसरा. नागम्मा पाठीमागून वाचते आहे. ती म्हणते, तीन. तिसरी पाण्याला, म्हणजे पहिल्या दोन फळ्यांना कुणी हात लावणार नाही.

ता. क. शेवटचा. हा अक्काला वाचून दाखवू नये. कालपासून उदगीरच्या बाजूला ढग यायला लागलेत. सगळं गाव हात जोडून तिकडे बघतंय, मीही बघतो. पण पार्सल बोटीने येतं, आणि तलावाला छप्पर नाही. दाजी, दुकान घागरींचं, घर टँकरवर, आणि काल देवापुढे उभा राहिलो तर मनात आलं, घाई करू नकोस.