सहाव्या बोटाला काय म्हणायचं

६ जाने., मंगळ.
नातीला, वर्षाच्या ईशूला, डॉ.कडे नेलं. डाव्या करंगळीला चिकटून जे सहावं बोट आहे, त्याचा फोटो काढला. आत बारीक हाड आहे म्हणे. डॉ. म्हणाले, त्रास काही नाही, ठेवलं तरी चालतंय. काढायचं तर आता काढू. आईबापांनी ठरवा. महेश म्हणाला, काढू. सूनबाई लावण्या फोटोच बघत होती. आजोबाला कोण विचारतंय! येताना रिक्षात मी आपला ते बोट धरून बसलो. मोहरीएवढं नख, पण नख म्हणजे नख, पांढऱ्या कडेसकट. काय ती कारागिरी.

९ जाने., शुक्र.
दुपारी ईशूला मांडीवर घेऊन बोटांची नावं. आमच्या आईच्या तोंडची करंगळी, मरंगळी. पुस्तकात मरंगळीची अनामिका होते. म्हणजे नाव नसलेली. नाव नाही हेच नाव! ज्याला हे सुचलं त्याच्या पाया पडावं.
सौ. दुधनीची, माहेर कानडी. बोटाला बेरळु. तिचं हेब्बेरळु, तोरबेरळु, नडुबेरळु, उंगुरबेरळु, किरुबेरळु. भाकरी थापत थापत सगळं एका दमात. हेब्बेरळु म्हणजे थोरलं. अंगठा हे घरातलं मोठं माणूस, पटलं.
लावण्या माहेरची तेलुगू. आधी लाजली, मग म्हणाली : बोटनवेलु, चूपुडुवेलु, नडिमिवेलु, उंगरपुवेलु, चिटिकिनवेलु. चूपुडु म्हणजे दाखवायचं. सौ.चं तोर म्हणजेही दाखवायचंच. भाषा दोन, बोट एकाच दिशेला. आणि आमच्या अनामिकेला दोघींनी अंगठी घातलेली, उंगुर म्हणजे अंगठीच.
पायाची बोटं बिचारी गरीब. अंगठा सोडला तर नाव कुणालाच नाही. शेजारच्याला जोडवी मिळतात, तेवढाच मान.
आणि सहावं? सौ. म्हणाली, "आरु बेरळु." पण ते सहा बोटं झाली. मोजणी झाली. नाव कुठं झालं?

१२ जाने., सोम.
नाव सापडलं. कोंब! जन्म बियाण्याच्या दुकानात गेला, मला दुसरं काय सुचणार. ओल्या फडक्यातल्या ज्वारीला पहिल्यांदा फुटतो तसाच आहे, किंचित वाकडा, उजेडाकडं.
संध्याकाळी सौ. आतून ओरडली, "अहो, कोंबाला तेल लावलं का?" महेश कुर्डुवाडीहून कामावरून आला, तोही हात धुऊन आधी, "काय म्हणतोय आमचा कोंब?" लावण्या ताटं मांडत होती. हसली नाही. माझ्या ध्यानात आलं, पण नावाच्या नादात सोडून दिलं.

१५ जाने., गुरु.
गड्ड्याच्या जत्रेला गेलो, सगळे. गर्दी, धुरळा, भजी. लावण्यानं ईशूला डाव्या हातात मोजा घातलेला. उजवा हात मोकळा.
सलमाबी दरवर्षी बांगड्यांचं दुकान लावते. पूर्वी आमच्या दुकानासमोर बसायची. पोरीला काळ्या बांगड्या भर म्हटलं. तिनं मोजा काढला, बघितलं आणि जराही थांबली नाही. आधी ते छोटं बोट हळूच तळव्यात वाकवलं, मग बाकीची गोळा केली, बांगडी आत! ईशूनं तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. वाहवा. असे हात लोण्याचे असतात.
"छे उंगली के हाथ भौत देखी मैं," म्हणाली. "पैले इसकू झुकाना पडता, बाबा. ये झुका तो बाकी के आपेआप आते."
"तुम्ही काय म्हणता याला?"
"मेहमान."
मी हे पोटात साठवतोय, तेवढ्यात मागची एक बाई : "अगं बया, सहा हायती की! दाव, दाव." आणखी दोघीतिघी वाकल्या. लावण्यानं मोजा चढवला आणि चालायला लागली. बांगडी मोज्यात तशीच.

१७ जाने., शनि.
सकाळी लावण्या चहा घेऊन आली, उभीच राहिली. "मामा, त्याला कोंब म्हणू नका."
"का गं? वाईट आहे का?"
"चांगलं आहे, म्हणूनच. असं नाव पडल्यावर मी ते कापायला कशी देऊ?"
मी कप खाली ठेवला.
मग सांगितलं. शाळेत एक मुलगी होती, सहा बोटांची. छंगी म्हणायची पोरं. दहावीपर्यंत हात ओढणीतच. फोटोतसुद्धा ओढणीत. "घरात तुम्ही कौतुक कराल, मामा. वर्गात तुम्ही नसणार की."
बरोबर आहे तिचं. सौ. एवढंच म्हणाली, "इर्ली बिडरी." राहू द्या. बोट राहू द्या की बोलणं राहू द्या, विचारलं नाही.
गुरुवार २९ ठरला. महेशनं रजा टाकली.

२१ जाने., बुध.
कोंब बंद. घरात कुणीच म्हणत नाही. सौ. दोनदा अडखळली.
बोटांच्या नावांचा खेळ मात्र ईशू सोडेना. थोरल्यापासून सुरू करायचं, किरुबेरळुवर थांबायचं. मी थांबतो. ती हात मागं घेत नाही. तसाच पुढं धरून माझ्या तोंडाकडं बघत राहते. एक राहिलंय, असं डोळ्यांनीच म्हणते. कसं सांगू, बाई.
लावण्याची मात्र वाखाणणी करावी. पोरीसाठी काळजावर दगड ठेवून उभी आहे. आम्ही सगळे गोडगोड बोलणारे, कडू ते तिच्या वाट्याला.

२५ जाने., रवि.
बंब पेटवायला मोरीकडं गेलो. लावण्या पाटावर, पाय पसरून, ईशू पायांवर. तेल चोळत होती. पाठ माझ्याकडं. बोटं एकेक ओढत होती. बोटनवेलु. चूपुडुवेलु. नडिमिवेलु. उंगरपुवेलु. चिटिकिनवेलु. थांबली. मी मनात म्हटलं, झालं.
मग अगदी हळू, "चेल्ली."
ईशू खळखळून हसली.
हा शब्द मला ठाऊक आहे. रोज फोनवर धाकट्या बहिणीशी बोलताना तिच्या तोंडात असतो. चेल्ली म्हणजे धाकटी बहीण. करंगळीची धाकटी बहीण! कोंब, मेहमान, सगळे झक मारतात याच्यापुढं. चार भाषांत हिंडलो, आणि नाव माझ्याच मोरीत.
तिनं वळून बघितलं. डोळे भरलेले. "मामा, पाणी तापलं का बघा."
तापलंय म्हटलं. आलो बाहेर.
सौ.लाही सांगितलं नाही.

२८ जाने., बुध.
उद्या. सकाळी पोरीला उपाशी न्यायचंय. महेशनं पिशवी भरून दाराशी ठेवली. दुपटी, बाटली, फोटोचं पाकीट. जेवताना विचारलं, "किती वाजता निघायचं?"
लावण्या म्हणाली, "बघू सकाळी."
"बघू म्हणजे? वेळ घेतलीय ना."
"बघू म्हणाले ना."
सौ.नं त्याला आणखी एक भाकरी वाढली, म्हणजे तोंड बंद.
माझं काम आता ऐकायचं.
पिशवी दाराशी आहे. जेवणं झाल्यावर लावण्यानं मोजा धुऊन दोरीवर टाकलाय, ओला आहे अजून, सकाळपर्यंत वाळायचा नाही. बाहेर जाताना ईशूच्या हाताला तो लागतोच, आणि घरात तो एकच आहे.