आखाजीपर्यंत थांबलेली निळी गाडी

१६ मार्च, धुळे

गाडी ठरवली! निळी, छोटी. दार इतकं रुंद उघडतं की माझी थोरली बहीण, अक्का, आधी सीटवर टेकेल, मग पाय आत घेईल. गुडघा वाकवायलाच नको. एस.टी.ची पायरी तिला आता चढवत नाही. त्या एका दारासाठी घेतली. हे म्हणाले, "कंपनी बुडायला आलीय, पेपर वाचतेस ना?" वाचते. पण मला काय कंपनीशी संसार करायचाय?

अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं ते काय उगाच!

१७ मार्च

शिंदखेड्याला अक्काला फोन. भाऊ गेल्यापासून तीन आखाज्या, तीन अक्षय्य तृतीया, तिला माहेरी न्यायला मुराळीच आला नाही. म्हटलं, यंदा मुराळी मी. "तू? गाडी चालाडशी?" आणि हसत सुटली. मग रडली. मीही.

२८ मार्च

शोरूमच्या पाटलांचा फोन. गाडी आली. "पाडव्यालाच न्या मॅडम, मुहूर्त आहे." नको म्हटलं. गाडीची पहिली फेरी अक्काच्या दारातून आमच्या माहेरी, चोपड्याला, नारळही त्याच दिवशी. आखाजीपर्यंत राहू द्या तुमच्याकडे.

"लवकर नेलेली बरी," असं दोनदा म्हणाले. माणूस जरा घाईचाच.

१० एप्रिल

दुपारी डोळा लागला. गाडी चालवत होते. बेटावद, अमळनेर, मग तापीचा पूल. पुलापलीकडे दोन्ही अंगांना केळीच केळी, हिरवा उजेड. अक्का शेजारी, पदर काचेबाहेर उडतोय. ब्रेक सापडत नव्हता, पण भीती म्हणून नाही. चहाला उठवलं ह्यांनी. राग आला.

१९ एप्रिल

शोरूमला कुलूप. कंपनीनं काम थांबवलं म्हणे. पाटलांचा फोन बंद. काचेतून गाडी दिसते, पुढच्या काचेला माझ्या नावाची चिठ्ठी. पाडव्याला नेली असती तर... मूर्ख बाई! आखाजी म्हणे आखाजी.

ह्यांनी पेपर घडी घालून कपाटात ठेवला. त्याचंच जास्त लागलं.

२५ एप्रिल

हे म्हणतात भाड्याची गाडी करू. अक्काला विचारलं. "तू तुन्ही गाडी लई येसु म्हणनी व्हतीस. बठ्ठा गावले सांगी दिधं मी." साऱ्या गावाला सांगून बसलीय. फोन ठेवला तिनं.

चोपड्याहून वहिनीचा फोन. निंबाला आखाजीचा झोका बांधलाय. कधी निघताय? काय सांगू...

आखाजी

सकाळी दारात अक्का! मुलाच्या कांद्याच्या टेम्पोत, मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आली. नवं लुगडं, मांडीवर पिशवी. गुडघा टम्म सुजलेला. म्हणाली, "पह्यले गाडी दखाड."

शोरूमच्या वॉचमनला हात जोडले. बिचाऱ्यानं शोरूमचं दार उघडलं. गाडीला कुलूप नव्हतं. "दहा मिनिटं हां मॅडम." अक्का सीटवर टेकली, पाय आत घेतले. जमलं! अगदी मनात धरलं होतं तसं. मी स्टिअरिंगशी.

"चालाड," अक्का म्हणाली.

बॅटरी उतरलेली, किल्ली पाटलांकडे. तरी मी हात चाकावर ठेवले. काय करू? म्हटलं, निघालो अक्का. हे बेटावद आलं. हे अमळनेर. तिनं डोळे मिटले. झोक्यावरचं गाणं गुणगुणायला लागली, आईच्या आवाजात. खरंच केळीचा वास आला मला.

"आता तापी," म्हटलं.

अक्कानं पदराच्या गाठीतून रुपया सोडला, नदीत टाकायला. "काच खाल कर." बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काच हलेना.

वॉचमन दाराशी आला. "मॅडम, झाली दहा मिनिटं."

अक्कानं रुपया मुठीत दाबला. "कसाले उतरू? आजून नदी उतरनूत नही आपू."

मीही चाकावरचे हात काढले नाहीत.