झरीचा रनवे

२३ ऑक्टोबर २०१७, झरी
आजपासून रोज डायरी. मोठी माणसं लिहितात.
आमच्या डांबर प्लांटमागे वीस मीटरचा ट्रायल पट्टा टाकला. विमानतळाच्या रनवेसाठी. डांबरात मुद्दाम भोकं. पावसाचं पाणी खाली जातं, विमानाचं चाक घसरत नाही. इन्चार्ज मी. पंधरा दिवसांनी मुंबईचे साहेब तपासणार. पास झालं की माझी बदली थेट विमानतळावर. बायकोला, हर्षदाला, सांगून टाकलं, सामान बांध.

२४ ऑक्टोबर
बादली ओतली. सात सेकंदांत पाणी गायब! शेजारच्या पाड्यावरची लाडकीबाई बघत होती. म्हणाली, रस्त्याची चाळण झाली, मुकादमानं फसवलं तुम्हाला. मी नुसता हसलो. विज्ञान सगळ्यांना झेपत नाही.

२७ ऑक्टोबर
पहाटे पाचला उठून पट्टा झाडायचा, हा संकल्प. साडेआठला जाग आली. तसा स्वच्छच होता.

३० ऑक्टोबर
पट्ट्यावर म्हैस. हाकलली. लाडकीबाईला बजावलं, मी आठवडाभर नाही, पट्टा स्वतःच्या अंगणासारखा जप. जपते, म्हणाली. याला लोकसहभाग म्हणतात. रिपोर्टमध्ये घालायचं.

३ नोव्हेंबर, डहाणू
सासुरवाडी. साहेबांसमोर करायच्या इंग्रजी भाषणाची तयारी. चिकू फार चांगले आहेत. भाषणाची पहिली ओळ झाली: गुड मॉर्निंग सर.

६ नोव्हेंबर, दुपारी १
साहेबांना स्टेशनवरून घेऊन थेट साईटवर. पट्टा शेणानं सारवलेला! एक भोक शिल्लक नाही. कडेला भाताचे भारे. लाडकीबाई खुशीत. म्हणाली, अंगणासारखा जप बोललात ना? भोकांत दाणा गेला तर परत निघायचा नाय, म्हणून दोन हात दिले. आता खळं झालं, मळणी करू.
साहेबांनी बादली ओतायला लावली. पाणी जागच्या जागी. घसरण मोजायचं यंत्र गाडीतच राहिलं, कारण त्याआधी साहेब स्वतःच घसरले. मला रडू येत होतं.

७ नोव्हेंबर
पट्टा नापास. पण निघताना साहेबांनी माझा मोबाईल नंबर मागून घेतला! उगीच कोण घेतं? माणसाची पारख आहे त्यांना. हर्षदाला कळवलं, सामान सोडू नकोस.

९ नोव्हेंबर, सकाळी ११
साहेबांचा फोन. बोर्डीला त्यांचं फार्महाऊस आहे. अंगण सारवायचंय, अगदी तसंच गुळगुळीत. रविवारी लाडकीबाईला पाठवा, म्हणाले.
बदलीचं विचारलं. म्हणाले, तुम्ही झरीतच राहा. त्या बाईकडे फोन नाही.