ये गो बाय

तुये,
ता. ९ सप्टेंबर २०२५

ती. स्व. सुलोचना वन्सं यांस,
वैशालीचा शि. सा. न. वि. वि.

हातात फोन असताना पत्र कशाला, म्हणाल. एका खोलीचं घर, फोनवर बोललं की किरण कान टवकारून ऐकते, म्हणून हे. तुम्ही पाठवलेलं नाचणीसत्त्व तिला चांगलं मानवलं. टायफॉइड पार गेला. गणेशचवथीच्या सुट्टीनंतर ती पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसली, पण दोनच दिवस. आता दप्तर दिसलं की पोटात दुखतं. डॉक्टर म्हणतात, पोट ठणठणीत आहे.

काल खूप विचारल्यावर ओठ काढून म्हणाली, की टीचर मला बाई म्हणतात. वन्सं, मी हरमलच्या गेस्टहाऊसात खोल्या झाडते, तिथं सगळे मला बाई म्हणूनच हाका मारतात. सुट्टीत ती माझ्याबरोबर यायची, तिनं ते ऐकलंय. आता पोरीच्या नशिबीही तेच? सोमवारी माझी सुट्टी आहे, शाळेत जाऊन टीचरना चांगलं खडसावणार आहे. तुमचे भाऊ म्हणतात, एवढी कटकट नको, तिला आजऱ्याला आईंकडे ठेवू. मे महिन्यात तर कुठं तिला गावाहून आणली. पुन्हा तिच्याशिवाय राहणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. काय करू, सांगा.

तुमची
वैशाली

डिचोली,
ता. १२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वैशाली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं भांडण सुरू व्हायच्या आत पोचावं म्हणून हे आमच्या गौरेशच्या हातीच देते. बये, पदर खोचू नकोस! टीचर 'बाई' म्हणाली नसेल, 'बाय' म्हणाली असेल. इकडं कोकणीत लाडक्या पोरीला बाय म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दारातच 'ये गो बाय' म्हटलं, आणि मला वाटलं, पहिल्याच दिवशी मोलकरीण केली! न्हाणीघरात जाऊन रडले. त्यांना कळलं तेव्हा त्याही रडल्या, हसता हसता.

पण किरणला मात्र हसू नका. तिचं पोट खरंच दुखत असेल, लहान पोरांचं दुःख तिथंच जाऊन बसतं. ढोंग करतेस असं कुणी म्हणायचं नाही, तुझ्या नवऱ्यानं, विजयनं तर मुळीच नाही. जवळ घेऊन अर्थ सांग. टीचरना जरूर भेट, पण हातातली काठी घरी ठेवून. आजारातून उठलेलं पोर आहे, थोडे दिवस अर्धा वेळ बसवतील का, विचार. आजऱ्याचा विषय बंद, हे माझ्या भावाला माझ्या नावानं सांग.

माझ्या भाचीला पापा.
सुलोचना

तुये,
ता. २८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे उपकार कोणत्या तोंडानं मानू? काठी घरी ठेवून गेले. संजना टीचरनी सगळं ऐकलं आणि त्यांचेच डोळे भरले. किरणला जवळ घेऊन म्हणाल्या, की माझी आई मला अजून बाय म्हणते, तुला नको असेल तर मी नावानंच हाक मारीन. किरणनं बराच विचार केला आणि बायच चालेल म्हणून सांगितलं.

पहिले काही दिवस मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा, आणि मी व्हरांड्यात बसून. मग एके सकाळी तीच म्हणाली, की आई तू जा, तुझी बस चुकेल. आता हे तिला मोटारसायकलवरून सोडतात. आजऱ्याचं नाव काढत नाहीत, उलट तिच्याकडून कोकणी शिकतात. पोटदुखी कुठं गेली, कळलंही नाही.

काल दिवसभर बाई, बाई ऐकून कंबर धरून घरी आले. किरणनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि अगदी टीचरच्या सुरात म्हणाली, 'बस गो बाय.' वन्सं, मी बसले आणि रडायलाच लागले. तिला वाटलं, आईलाही अर्थ कळला नाही. मग शेजारी बसून तिनं तो मला पुन्हा नीट समजावून सांगितला.

माया केलीत, ती अशीच करत राहा.

तुमची बाय,
वैशाली