जेवणाच्या सुट्टीतला सिग्नल

१० फेब्रुवारी २०१४
पुन्हा तेच! एक ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचं प्रथिन, घातला की पेशी विभागतात. दुसरा घातला की विभागणं सोडून मज्जातंतूंसारखे लांब हात काढतात. आत सिग्नलचा मार्ग मात्र दोघांचा एकच! आमचे प्रोफेसर लिम म्हणतात, "सेकंड पाथवे शुअर हॅव, ला!" त्या न सापडणाऱ्या दुसऱ्या मार्गावर सगळी लॅब पोसली जातेय. मीसुद्धा. मार्चमध्ये माझं कंत्राट संपतंय. निकाल नाही तर या देशात राहायचा पास नाही, आणि पास नाही तर चोआ चू कांगची भाड्याची खोली सोडून सरळ पुणे.

११ फेब्रुवारी
प्रबोधला विचारलं, सिग्नल नेहमी दहाच मिनिटांनी का मोजायचा?
"लिमचा नियम. मोजलं की लगेच जेवायला! अगं, कँटीनमध्ये वेळेवर टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल अडवलं नाही, तर ताट हातात घेऊन उभं राहावं लागतं!"
धन्य! विज्ञान थांबेल, चिकन राईस थांबत नाही. हा प्रबोध लॅबमधला सर्वांत जुना, लिमचा लाडका, यिशुन भागात बायको-मुलीसकट घर करून मुरलेला. मला रोज फुकटचा उपदेश!

१२ फेब्रुवारी
जेवले नाही. मोजत बसले.

१३ फेब्रुवारी
हसू की रडू? दहा मिनिटांनी दोन्ही सिग्नल सारखेच. मग पहिला विझतो — आणि दुसरा दुपारभर पेटलेला! थोडा वेळ पेटला तर विभागा, पेटून राहिला तर हात काढा. दुसरा मार्गबिर्ग काही नाही. फरक होत होता तेव्हा आम्ही जेवत होतो! इतर पेशींत असं होतं हे पाठ्यपुस्तकातसुद्धा आहे. पण आमच्या पेशी पडल्या स्पेशल!

२१ फेब्रुवारी
लांबलेला सिग्नल औषधाने मध्येच तोडला. एकाही पेशीने हात काढला नाही. जिंकले!

२४ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये दाखवलं. लिमनी चष्मा पुसला. "हू ऑलवेज मेजर टेन मिनिट्स?"
प्रबोधने मान खाली घातली. नियम कुणाचा, ते खोलीत सगळ्यांना ठाऊक. सगळे गप्प. मीही — मला माझा मार्च दिसत होता.
बाहेर आल्यावर तो म्हणाला, "छान काम केलंस गं." चला, आता उपदेश तरी थांबेल!

३ मार्च
माझं कंत्राट वाढलं. प्रबोधचं संपवलं, दहा मिनिटांचा ठपका त्याच्यावर ठेवून. मुलीची शाळा अर्ध्यात सोडून निघायचंय त्यांना. आज दिवसभर तो मला त्याच्या पेशी कशा सांभाळायच्या ते शिकवत होता. मला त्याच्याकडे बघवेना. मीटिंगमध्ये एक वाक्य बोलायला हवं होतं मी. फक्त एक.