फलाटाची कड

३ मार्च, सोमवार

गाडी आली! कोरी करकरीत. खिडक्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. जुनीपेक्षा दोन्ही अंगांनी आठ-आठ सेंटिमीटर रुंद. कागदावर तसं लिहिलेलं आहेच, तरी मी स्वतः मोजलं. तीनदा. आठच भरलं. म्हणजे जुन्या गाडीच्या दाराशी अठराची फट पडायची, ती आता दहा होणार.

इंजिनीअरबाई म्हणाल्या, "कारखान्यावरही विश्वास नाही का तुमचा?"

नाही!

४ मार्च

दिवसभर थर्माकोलचे ठोकळे चिकटवले, दारांच्या उंबऱ्याच्या उंचीवर. प्रत्येक ठोकळा पाच सेंटिमीटर बाहेर — गाडी डुलली तर तिला तेवढी जागा लागते. आता ती माणसाच्या चालीनं एकेका फलाटाजवळून न्यायची. जिथं ठोकळा खरवडला तो फलाट नापास, तिथं नवी गाडी थांबणार नाही. आणि जुन्या गाड्या महिनाअखेर बंद. म्हणजे तो थांबा गेलाच म्हणायचा.

काम संपल्यावर शेडमध्ये एकटाच उभा राहिलो. पांढरी पिसं फुटलेली गाडी. उडेल की काय असं वाटलं. हे कुणाला सांगायची सोय नाही.

६ मार्च, गुरुवार

निघालो. कोवळं ऊन, शेतांवर धुकं. चाकांचा आवाजच नाही. मी दारात ओणवा, नजर ठोकळ्यांवर. थोड्या वेळानं वाटायला लागतं, आपण जागच्या जागी आहोत आणि फलाटच कुणीतरी अलगद मागे ओढून नेतंय — बाकं, घड्याळ, झोपलेला कुत्रा, सगळ्यांसकट.

चालक म्हणाला, "फूटपट्टी, मागून गोगलगाय हॉर्न देतेय. बाजू देऊ का तिला?"

फूटपट्टी म्हणजे मी. त्यांना वाटतं मी चिडतो. मला आवडतं ते नाव.

अकरा फलाट पास. उद्या बारावा. आमचा! त्याची कड मी आखलेली आहे. बाबा गवंडी, मी एकोणीस वर्षांचा, त्यांच्या हाताखाली. शाळा नववीत सुटली होती, पण दोरी-ओळंबा मला शिकलेल्यांपेक्षा बरा कळायचा. बाबांनी दोरी माझ्या हातात दिली. "ओढ. मी बघणार नाही." एकतीस वर्षं झाली. केसभर इकडची तिकडे नाही ती कड. सगळ्यांना सांगतो. सांगणारच!

७ मार्च

खरवडला.

७ मार्च, संध्याकाळ

सकाळी पुढे लिहवेना. मधल्या दाराशी कर्र झालं आणि पांढरा भुगा तरंगत तरंगत खाली बसला. किती वेळ बसत होता! चालक ओरडला, "अरे, फूटपट्टीच वाकडी निघाली!" बाईंनी नुसतं वहीत टिपलं. ते जास्त लागलं.

उतरून दोरी लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत कड सरळ, फक्त मधे नळासमोर चार दगड पुढे आलेले. आठ सेंटिमीटर. चारही सारखे. जमीन खचली म्हणावं, तर जमीन अशी मोजूनमापून सरकत नाही. मग मीच चुकलो? आणि एकतीस वर्षं मला दिसलं नाही — मला!

ताईचं घर फलाटासमोरच. रोज इथूनच दवाखान्यात कामाला जाते. दारातूनच विचारलं, "काय रे, थांबणार ना गाडी?"

थांबेल म्हटलं.

बाईंनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. तोवर कड सरळ झाली तर पुन्हा चाचणी, नाहीतर शेरा: नापास. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवू नका. मी करतो.

८ मार्च

दुपारी ताईकडे खाटेवर डोळा लागला. आई दिसली. नळासमोर, नेहमीच्या जागी. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू. पण त्या जागी गाडीत चढताना तिनं कधी खाली पाहिलं नाही. स्वप्नातही पाहिलं नाही. सरळ पांढऱ्या पिसांत पाऊल टाकलं आणि गेली.

९ मार्च, रविवार

पहार, छिन्नी, दोरी. चारही दगड उपसून मागे बसवले. दुपारचे चार वाजले. खालचा थर बाबांच्या हातचा — थापीचा तो डावा फटकारा मी कुठेही ओळखेन. म्हणजे चूक त्यांची! क्षणभर हलकं वाटलं. लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं.

ताई ओट्यावरून बघत होती. चहा आणून दिला. बोलली काहीच नाही.

१० मार्च

पास! एकही ठोकळा खरवडला नाही. सगळ्या दारांशी फट दहा. बाईंनी हात मिळवला. चालकानं हॉर्न दिला. "गोगलगायीला कळवतो!"

११ मार्च

ताईला बाबांच्या चुकीबद्दल सांगितलं. हसतच. ती हसली नाही.

"चूक कसली? तू जेवायला बसला होतास. बाबांनी दोरी सोडली आणि चार दगड पुढे घेतले. आईचा पाय पोचत नव्हता रे एवढ्या फटीवरून. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस, त्याची दोरी अगदी सरळ आहे. आणि साहेबाच्या नजरेतून चारच दगड सुटतील, जास्त नाही."

"मग परवा का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू हात लावला असतास त्या दगडांना? गाडी थांबायला हवी होती, बाबा."

लहानपणी मी रुसलो की ती मला असंच बाबा म्हणायची.

जेवलो नाही. फलाटावर जाऊन त्या चार दगडांवर बसून आलो. ओल्या सिमेंटचा वास. सरळ, अगदी सरळ कड.

१२ मार्च

सकाळी उठल्या उठल्या मांडलं. जुनी गाडी, बाबांचे चार दगड: अठरातून आठ गेले, दहा. नवी गाडी, माझी कड: दहा.

सगळ्या दारांशी.