उलट्या बाजूची बटणं

प्रिय धाकट्या,

अक्षराचे कोंबडीचे पाय झालेत, पण मीच आहे, डाव्या हाताने लिहितेय. आठ महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, हे आत्याकडून कळलं असेलच. तू आला नाहीस, त्याचा राग नाही. दोन वर्षं तू माझ्याशी का बोलत नाहीस, ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी एक फजिती ऐक.

दवाखान्यात पाळकसाहेब आले, प्रार्थना केली, संकटातही आनंद कर म्हणाले. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मनात म्हटलं, तुमचं काय जातंय बोलायला! तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईचा हातच काढून घ्यायचा, ही कुठली रीत? देवाशी बोलणंच टाकलं मी. मग घरी बसून बसून जीव विटला, तेव्हा मशीनचं झाकण काढलं. पहिलं काम पाळकसाहेबांच्याच शर्टाचं. डाव्या हाताच्या सोयीने कापड फिरवून धरलं, आणि बटणं लागली बायकांच्या बाजूला. माझ्या ध्यानातही आलं नाही.

साहेबांनी तो शर्ट घातला थेट रविवारी. उपदेश करता करता उकडलं म्हणून गळ्याचं बटण काढायला गेले, तर बोटं चाचपडतायत भलतीकडेच! मला हसू फुटलं, ऐन उपासनेत. दाबावं तसं वाढतच गेलं, डोळ्यांतून पाणी. शेजारणीला वाटलं रडतेय, बिचारी पाठ थोपटत बसली. हात तसाच मांडीवर मेल्यासारखा पडलेला, आणि आतून मात्र बरं वाटत होतं रे. प्रभूचे आभार आपसूक तोंडात आले. नंतर साहेबांना चूक सांगितली, तर म्हणाले, राहू देत तशीच, बटणं लावेपर्यंत तुझ्यासाठी प्रार्थना होते.

आता मुद्द्याचं. तुझी बायको गेली, तेव्हा कबरीची माती ओली असतानाच मी तुझा खांदा धरून म्हणाले होते, "रडू नकोस, आनंद कर, ती प्रभूकडे गेली." तू माझा हात झटकलास. तोच हा उजवा हात. ही शिक्षा आहे असं नाही म्हणत, माझा देव इतका खुनशी नाही. पण आनंद त्याने द्यायचा असतो, मी तुला हुकूम सोडला. माझं चुकलं. एकदा ये. तुझ्याबरोबर रडायचं माझं राहूनच गेलंय.

तुझीच,
डावखुरी ताई